मामा, जरा उतरा

आमच्या भाच्याने होंडा सिटी 40 मिलिमीटरने खाली बसवून घेतली. आखूड स्प्रिंगा, त्यांना जुळणारे आखूड शॉकअप, वर अलाइनमेंट. काम रीतसर. (जुन्याच स्प्रिंगांचे वेढे कापून देणारे महाभागही आहेत, तिथे चाक लोंबकळले की स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.)

कंपनीने गाडीच्या पोटाखाली 165 मिलिमीटर जागा दिली होती, उरली 125. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे कागदावर गाडी सुटते. आमच्या गल्लीतला गतिरोधक मात्र उरलेल्या डांबराच्या मापाने घातलेला आहे.

तो आला की भाचा म्हणतो, "मामा, जरा उतरा." मामा उतरतो, मामी उतरते, मांडीवरचा डबा उतरतो. गाडी तिरकी होऊन एकेक चाक असे चढवते, जणू नवी सून माप ओलांडतेय. तरी खालून खर्रर्र येतेच. तो ऑइलचा चेंबर. शेजारून दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल वेगही कमी न करता निघून जाते.

"वळणावर कशी चिकटून चालते बघा!" भाचा सांगतो. चालतही असेल. खड्डे नसलेले वळण अजून सापडायचे आहे.

जुन्या स्प्रिंगा मेकॅनिकने पोत्यात बांधून दिल्या होत्या. त्या माळ्यावर आहेत. भंगारात घालू नकोस, असे ताईला बजावून ठेवले आहे.