आग्रही

तात्यांच्या घरी जेवायला बसलेला माणूस स्वतःच्या मर्जीनं पानावरून उठलेला कुणी पाहिलेला नाही. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटींतून आमटी येते. हात काढला तर तो होकार. त्यांचा आग्रह चार प्रकारचा. पहिला नात्याचा: "काकूनं मुद्दाम तुझ्यासाठी केलंय." दुसरा हिशेबाचा: "एकच उरलीय, तिला एकटीला कुठं ठेवू?" तिसरा औषधी: "वर ताक घे, सगळं जिरतं." हे तिन्ही वाया गेले तर चौथा, शपथेचा, आणि शपथ ते नेहमी काकूंची घालतात. "पोट भरलं" हे विधान तात्यांच्या लेखी अफवा आहे.

तात्या मूळचे वाईचे. रेल्वेच्या नोकरीत लखनऊला आले आणि मानकनगरला आरडीएसओत चिकटले ते निवृत्त होऊनच बाहेर पडले. १९५७ साली स्थापन झालेली ही रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था. धावत्या डब्यानं किती हेलकावे खावेत, कुठल्या स्प्रिंगवर किती भार द्यावा, हे इथं ठरतं. भार वाढवत नेल्याशिवाय मर्यादा कळत नाही, हे तत्त्व तात्यांनी दिवसा डब्यांना लावलं आणि रात्री पाहुण्यांना.

लखनऊ त्यांना मानवलं याचं कारण इथला तकल्लुफ़. लखनवी पाहुणा पहिल्यांदा "नहीं" म्हणतो ती रीत, दुसऱ्यांदा म्हणतो ती तहज़ीब, आणि तिसऱ्यांदा म्हणताना ताट पुढे करतो. वाईच्या पंगतीतही याहून वेगळं काही नव्हतं. त्यामुळे दोन्हीकडचे नकार ऐकून ऐकून तात्यांचं मत पक्कं झालं की नकार म्हणजे संभाषणाची सुरुवात. भातखंड्यांनी १९२६ साली या शहरात संगीताचं महाविद्यालय काढलं. तेव्हापासून लखनऊला काहीतरी शिकवणं हे इथल्या प्रत्येक मराठी माणसाचं कर्तव्य आहे, असंही ते मानतात. त्यांनी आपल्या वाट्याला वाढणं घेतलं.

त्यांचा खरा सण दिवाळी नव्हे, बड़ा मंगल. ज्येष्ठातल्या दर मंगळवारी अलीगंजच्या हनुमानापासून थेट आमच्या आलमबागेपर्यंत रस्तोरस्ती मांडव पडतात, भंडारे लागतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून पुरी-भाजी, बुंदी, सरबत दिलं जातं. सगळं शहर वर्षातून काही दिवस तात्यांसारखं वागतं. बाकीचे लोक मांडवात उभे राहून वाढतात. तात्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून स्कूटरी अडवतात. एका वर्षी त्यांनी वाहतूक पोलिसालाच पत्रावळीपुढे बसवलं. चौक तुंबला. तो मोकळा करायला दुसरा पोलीस आला, त्यालाही बसवलं.

अशा माणसाच्या घरी, जानेवारीच्या धुक्यात, बंद दुकानाच्या शटरपाशी एकटंच कुडकुडत असलेलं कुत्र्याचं एक पिल्लू आलं. काकूंनी ते शालीत गुंडाळून आणलं. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून नाव बुंदी. शालीतून सुटल्याबरोबर बुंदी सोफ्याखाली गेली आणि तिथंच राहिली.

तात्यांनी बाह्या सरसावल्या.

आधी दूधभात झाला. मग तूप घातलेली मऊ खिचडी. मग वरणभात, मग दह्यात कालवलेला भात. मग काकूंच्या डोळ्यांदेखत, ज्या घरात अंडंही मागच्या दारानं येतं तिथं, चिकनचं पाणी आलं. थंडीत पहाटे चौकात गोल दरवाज्यापाशी जे मख्खन-मलई मिळतं, मातीच्या कसोऱ्यातून, तोंडात घातल्याबरोबर नाहीसं होणारं, तेही तात्या सकाळच्या धुक्यातून स्कूटर हाकत घेऊन आले. बुंदीनं कसोऱ्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. त्या मलईचा असा अपमान लखनऊच्या इतिहासात झाला नसेल.

तात्यांनी वही घातली. वेळ, पदार्थ, प्रमाण, फलित. फलिताच्या रकान्यात शून्यांची ओळ लागली. सोफ्यासमोर ते पालथे पडून राहायचे, हातात घास, आणि अखंड बोलणं: "घे ना गं. एवढाच घे. हा चिऊचा, हा काऊचा. बघ हं, नाहीतर मी खाईन." एकदा खरंच खाल्ला.

"बघ, जीभ फिरवतेय," ते मला म्हणाले. "भूक लागलीय तिला. आणि जांभया बघ. उपाशीपोटी ग्लानी येतेय."

बातमी गल्लीत पसरली. घर भरलं. गल्लीतले तज्ज्ञ एकेक करून पालथे पडले. वकीलसाहेबांच्या घरून निहारीचा रस्सा आला. समोरच्या आपांनी किशमिश घातलेली खीर पाठवली. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं बन-मख्खन दिलं आणि पैसे घेतले नाहीत. सोफ्याखालच्या अंधारात दोन डोळे होते आणि त्यांच्यासमोर अर्धं आलमबाग गुडघ्यांवर आलेलं होतं. पाहुण्याला आग्रह व्हावा म्हणजे किती व्हावा, याचा तो उच्चांक.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वही मिटली, बुंदीला पुन्हा शालीत घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरीणबाई जुन्या लखनवी घरातल्या. बुंदीलाही "आप" म्हणतात. त्यांनी ताप पाहिला, हिरड्यांचा रंग पाहिला, दात पाहिले, जंतांसाठी शी तपासली, पार्व्होची चाचणी केली. आजार काही निघाला नाही. मग त्यांनी वही मागितली, वाचली, आणि एकेका ओळीवर पेन्सिल ठेवत गेल्या. गाईचं दूध पिल्लांना अनेकदा पचत नाही, जुलाब होतात. निहारीत कांदा-लसूण, दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतात. खिरीतली किशमिश तर मूत्रपिंडालाच धक्का देऊ शकते. "अल्लाह का शुक्र है," त्या म्हणाल्या, "कि इन्होंने कुछ खाया नहीं."

तात्यांच्या आयुष्यात, कुणी जेवलं नाही म्हणून देवाचे आभार मानले गेल्याची ही पहिलीच वेळ.

मग बाईंनी उलगडून सांगितलं. जीभ फिरवणं, झोप नसताना जांभया देणं, कान मागे, शेपूट पायांत, नजर चुकवणं, ही सगळी भीतीची लक्षणं. आई नाही, भावंडं नाहीत, वास अनोळखी, आणि समोर ही गर्दी. घाबरलेलं शरीर पळायच्या तयारीत असतं. पचनाचं काम ते बाजूला ठेवतं. अशा वेळी जबरदस्तीनं तोंडात घास कोंबला तर भीती आणि अन्न यांची गाठ बसते आणि मग ती सुटता सुटत नाही. एवढ्या लहान पिल्लानं दिवसभर तोंडाला काही लावलं नाही तर मात्र वाट पाहायची नाही, थेट दवाखाना. रक्तातली साखर उतरते. तेवढ्यापुरती सोय त्यांनी तिथंच केली आणि पुढचं घरी करायला सांगितलं.

"और घर में क्या करना है?" तात्यांनी नवी वही उघडली.

"आपको? कुछ नहीं."

तात्यांनी ते लिहून घेतलं नाही.

तेव्हा बाईंनी पाव्हलॉव्हची गोष्ट सांगितली. १९२४च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढलं. कुत्री वाचली, पण काहींची शिकवण पुसली गेली. त्यातला एक एरवी अन्नावर झडप घालणारा, तो ताटापासून तोंड फिरवू लागला. प्रयोग करणारा माणूस नेहमी खोलीच्या बाहेर बसत असे. तो आत येऊन कुत्र्याजवळ बसू लागला, तेव्हा कुत्रा सावरू लागला.

"आत बसून काय करायचा तो?" तात्यांनी विचारलं. धक्क्यात ते मराठीवर आले होते. काकूंनी भाषांतर केलं.

"कुछ नहीं. बैठा रहता था."

"म्हणजे भरवायचा नाही?"

"जी नहीं. तात्याजी, आप बस तशरीफ़ रखिए. कुछ फ़रमाइए मत."

लखनऊमध्ये माणसाला गप्प बस म्हणायची याहून गोड रीत नाही, आणि याहून कडक औषध तात्यांना आजवर कुणी दिलेलं नव्हतं.

बाकीचं पथ्य सोपं होतं. शांत कोपरा. रोज एकच अन्न, ठरलेल्या वेळा. अन्न कोमट, कारण कुत्र्याचं जेवण जिभेआधी नाकानं सुरू होतं. ताटली ठेवायची, दूर व्हायचं, पंधरावीस मिनिटांनी, खाल्लं असो वा नसो, न बोलता उचलायची. पुन्हा पुढच्या वेळेला. एक पूर्ण दिवस असाच गेला तर दवाखाना.

ताटली उचलण्यावर तात्या अडले. भरलं पान पुढ्यातून ओढायचं? हे वाईत शत्रूलाही करत नाहीत. त्यांना पटवलं वकीलसाहेबांनी. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनऊबद्दल जे लिहून ठेवलंय त्यातला किस्सा त्यांनी काढला. नवाब आसफउद्दौलांकडे एक बावर्ची राहिला, फक्त उडदाची डाळ करायला. त्याची एक अट: डाळ तयार आहे अशी वर्दी आली की नवाबांनी तत्काळ दस्तरखानावर यायचं. एके दिवशी वर्दी गेली, नवाब गप्पांत होते. दुसरी गेली, तिसरी गेली. बावर्चीनं हंडी उचलली, एका वाळक्या झाडाच्या बुंध्याशी डाळ ओतली आणि नोकरी सोडून चालता झाला. ते झाड म्हणे पुढं पालवलं.

"आणि नवाब?" तात्या कळवळून म्हणाले. "ते उपाशीच राहिले?"

पण नवाबाच्या पुढ्यातून हंडी उचलता येते, हे त्यांना पटलं.

प्रयोग सुरू झाला. बुंदीसाठी कोपरा, उशी आणि स्टीलची ताटली. तात्या पाच हातांवर खुर्चीत, तोंड अर्धं फिरवलेलं, हातात पेपर. खरा रुग्ण कोण हे घरात सगळ्यांना कळलं होतं. काकू बुंदीकडं नव्हे, तात्यांकडं लक्ष ठेवून असत. त्यांचे ओठ हलू लागले की काकू बोट वर करायच्या. "चाळीस वर्षं मी ऐकलंय," त्या म्हणाल्या, "वीस मिनिटं तुम्ही गप्प बसा." पेपर थरथरायचा. एकदा पेपरामागून अगदी बारीक आवाजात "थोडंसं तरी" असं आलं, आणि तेवढ्यानं बुंदी उशीमागे गेली. ती वेळ फुकट.

तरीही बुंदी ताटलीपर्यंत यायची, नाक लावायची आणि दचकून मागे व्हायची. इथं मात्र तात्यांची हयात कामी आली. पेपरच्या कडेवरून चोरून पाहताना त्यांना दिसलं की नाक लागलं की ताटली गुळगुळीत फरशीवर सरकते आणि खणखणते. "कंपन!" ते काकूंच्या कानात ओरडले, तेही कुजबुजत. रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये खोबणीचा रबरी पॅड असतो. धक्का आणि खडखडाट तो पोटात घेतो. तात्यांनी तसंच जाड रबर कुठूनसं पैदा केलं, मापात कापलं, कडा घासल्या, दोन्ही दिशांनी ढकलून चाचणी घेतली आणि त्यावर ताटली ठेवली. आवाज नाही, घसरण नाही. बुंदीनं नाक लावलं, थांबली, एक घास घेतला. मग सगळी ताटली चाटून पुसून काढली.

तात्यांनी पेपर खाली केला नाही. डोळे मात्र भरून आले होते, असं काकू सांगतात. तात्या म्हणतात, पेपरात शेअरबाजाराची बातमी होती.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असा पाहुणा भेटला होता की ज्याचा नकार खरा होता. तो मानला गेला, म्हणूनच होकार आला. एवढं कळल्यावर माणूस बदलतो, असं पुस्तकांत असतं. तात्यांचा आग्रह तसूभरही कमी झाला नाही. फक्त त्याचा विषय बदलला. आता ते आग्रह करू नका म्हणून आग्रह करतात. गल्लीत कुणाकडं नवं पिल्लू आलं की तात्या तिथं हजर, बगलेत रबराचा तुकडा. "घ्या. नको काय? घ्याच. माझ्यासाठी घ्या." घरातल्या माणसांना ते खोलीबाहेर काढतात, गप्प बसवतात, आणि गप्प बसण्याचं महत्त्व अर्धा तास समजावून सांगतात. पिल्लू तेवढा वेळ उपाशी.

परवा बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की आमचा चिरंजीव जेवायला फार त्रास देतो. रात्री ऐन जेवणाच्या वेळी फोन वाजला.

"त्याच्या पुढ्यात बसलायस ना? ऊठ. काही बोलू नकोस, नुसता ऊठ. अरे, नंतर काय, आत्ता ऊठ. काकूची शपथ आहे तुला. उठलास का?"