येऊन गेलेली माणसं

घरात एखाद्या पोराला कांजिण्या आल्या की पूर्वी औषधाआधी एकच चौकशी व्हायची : "तुला येऊन गेल्यात का गं?" येऊन गेलेल्या काकूची तत्काळ शुश्रूषेवर नेमणूक. न आलेल्या मामाला अचानक गावाकडची कामं आठवायची. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेल्या पोराशेजारी काकू खुशाल बसून असे. लहानपणी आठवडाभर खाजवून घेण्यापलीकडे या पदासाठी तिनं काही केलेलं नसे.

इ. स. पू. 430च्या साथीत अथेन्समध्येही हेच. त्या साथीतून स्वतः वाचलेला ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, की आजाऱ्यांची कणव आली ती बरे झालेल्यांना. त्यांना स्वतःची भीती उरली नव्हती. (शौर्याच्या बऱ्याच कथांमागे अशी काही सोय असावी, असा मला संशय आहे.)

पण शरीराच्या स्मरणशक्तीची खरी परीक्षा झाली 1846 साली, उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर. तिथं 1781नंतर गोवर फिरकलाच नव्हता. कोपनहेगनहून आलेल्या एका सुतारानं तो आणला आणि काही महिन्यांत 7,782 रहिवाशांपैकी सुमारे 6,000 जण फणफणले. डॅनिश सरकारनं पीटर पानुम या नवख्या डॉक्टरला धाडलं. पोरगा चिकाटीचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांची तो चौकशी करत सुटला. 1781मध्ये गोवर निघालेल्यांपैकी एकालाही तो पुन्हा निघाला नव्हता. तेव्हा ज्यांना चुकला, त्यांना म्हातारपणी मात्र त्यानं गाठलं होतं.

पासष्ट वर्षं! माझी एक आत्या मानपानात राहून गेलेली साडी अजून विसरलेली नाही, पण तिला दर लग्नसराईत उजळणी तरी करता येते.

शरीर मात्र उजळणीविना लक्षात ठेवतं, ते असं : रक्तात असंख्य तऱ्हांच्या बी-पेशी असतात, प्रत्येकीचा साचा निराळा. शिरलेला जंतू जिच्या साच्यात बसतो ती भराभर वाढत सुटते. पहिल्या खेपेला यात आठवडा-दहा दिवस जातात. तोवर आपण अंथरुणात, मऊ भातावर. आजार सरला की यातल्या बहुतेक पेशी मरतात. उरलेल्यांतल्या काही हाडांच्या मज्जेत बसून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडत राहतात, काही डूख धरून हिंडतात. तोच जंतू पुन्हा आला तर काम इतक्या लवकर उरकतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

गोवराची खोड अशी, की स्वतःची आठवण पक्की ठेवून तो इतरांची पुसतो. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या डच मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा गोवरानंतर त्यांची जुन्या जंतूंविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. कांजिण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या येतात, जात मात्र नाहीत. विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि म्हातारपणी पहारा ढिला पडला की नागीण होऊन उठतो. खुशाल बसलेल्या काकूला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि धनुर्वात? त्याचं विष इतकं जहाल, की जीव घेणारी मात्राही पेशींना ओळख पटायला अपुरी पडते. म्हणजे धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस चुकत नाही. पायात खिळा घुसल्यावर डॉक्टर विचारतात, "शेवटचं टीटी कधी घेतलंत?" आपण बायकोकडे बघतो, बायको सासूबाईंकडे. डॉक्टर तोवर सुई भरायला लागलेले असतात.