दारात सूर्यनारायण उभे

पांढुर्ण्यात मोटर म्हणजे विहिरीवरची. ती रात्री दीडला लाइन आली की सुरू होते, ऐन गरजेला जळते आणि जळली की घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्यामुळे गाडीच्या खोलीच्या शटरला मोटर बसवतो आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा थोरल्या भावानं विचारलं, "कितीची? तीनची का पाचची?"

"दादा, पाणी नाही ओढायचं. दार उघडायचं आहे."

तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "काहून? हात मोडला काय तुहा?"

मोडला नव्हता, भाजला होता. मे महिन्यात दुपारी दोनला आमच्या शटरच्या कडीला हात लावणं म्हणजे तव्यावरची भाकर बोटांनी उलटणं. बायको एकदा स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन गाडी काढायला निघाली, तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं. शिवाय २०२३च्या ऑक्टोबरात पांढुर्णा छिंदवाड्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर आमच्या जिल्ह्यातली तहसील. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या निवृत्त मास्तरानं हाताला फडकं गुंडाळून शटर उचलावं, हे बरं दिसत नव्हतं. निदान सौंसरच्या इवायांसमोर तरी नाही. (व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. शब्द बदलला म्हणून नात्यातली चुरस काही कमी होत नाही.)

गाडीच्या खोलीचं तोंड उत्तरेला आहे आणि वर टिनाचं छप्पर. उत्तर ही कुबेराची दिशा, शिवाय उत्तरेकडून ऊन येत नाही, असं घर बांधताना वास्तूवाल्यानं सांगितलं आणि मी मान डोलावली. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. हे दोन्ही लक्षात असू द्या, माझी फजिती पुढे आहे.

सल्ला सगळ्यात आधी अमेरिकेहून आला. भाचा ॲरिझोनात फिनिक्सला राहतो. ते अस्सल वाळवंट. २०२३च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस रोज पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे आपले ४३ अंश, गाठत होता किंवा ओलांडत होता. हे तो पंढरीची पायी वारी केल्यासारखं सांगतो. "मामा, इकडे ड्राय हीट असते. घाम येत नाही." आमच्याकडे तरी पाऊस पडेपर्यंत कुठे येतो? कुलरच्या टाकीतलं पाणी संपलं, की तेवढ्यापुरता येतो.

त्यानं व्हिडिओवर आपलं दार दाखवलं. रिमोट दाबला की दाराच्या फळ्या वाकत वाकत वर जातात आणि छताखाली आडव्या पडतात. "बेल्टवालं घ्या मामा, आवाज नाही. स्क्रूवालं घेऊ नका, उन्हात ग्रीस टिकत नाही." इंडियानातल्या सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थानं १९२१ मध्ये असं वर जाणारं दार काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली, हेही त्यानं सांगितलं. म्हणजे माझ्या आजोबांच्या वाड्याच्या दाराला अडणा होता, तेव्हा तिकडे बटण होतं. सगळं खरं. पण त्याचं दार वर जाऊन झोपतं आणि आमचं शटर चटईसारखं गुंडाळून बसतं. बेल्ट बांधायचा कशाला? भाचा म्हणाला, "मग दारच बदला." साडेबारा तासांच्या फरकानं राहणाऱ्या माणसाला कुणाचंही दार बदलता येतं.

मग नागपूर गाठलं. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक मोटर शटरच्या पाइपात लपून बसते, बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरी बाजूला लटकते, तिला साखळी असते, तिच्यावर पाली बसतात. बायकोनं पहिली निवडली. घरातलं कष्टाळू माणूस दिसू नये, ही आपली जुनी रीतच आहे.

तेवढ्यात दुकानदारानं गाव विचारलं. पांढुर्णा म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! पत्थर मारते हैं ना वहाँ?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात, पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, लोकांच्या शटरवर होत नाही, हे मी आयुष्यभर परगावी सांगत आलो आहे. तरी त्यानं काळजीपोटी २२ गेजच्या पत्र्याऐवजी १८ गेजचा घ्यायला लावला. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड आणि पत्रा जाड तितकं शटर जड. म्हणजे वर्षातून एकदा, तीही माझ्या घरापासून लांब होणाऱ्या गोटमारीची किंमत माझी मोटर रोज चुकवू लागली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी इवाई सहकुटुंब आले. जाम सावळीच्या मारुतीचं दर्शन आटोपून, भर दुपारी. सरबत नको, आधी शटर दाखवा. मी रिमोट दाबला. शटर वर गेलं, खाली आलं. मग इहीणबाईंनी दाबलं. मग नातवानं चार वेळा. मग इवायांनी स्वतः, मग त्यांच्या ड्रायव्हरनं. "मोटर दिसत नाई म्हणता, मंग हाय कुठं?" असं म्हणत इवाई टॉर्च घेऊन आत शिरले आणि बाहेर नातवानं पुन्हा बटण दाबलं.

शटर जमिनीपासून गुडघाभर अंतरावर येऊन थांबलं. पुन्हा बटण, काही नाही. इवायांचं पोट गुडघाभर फटीतून निघण्यातलं नाही. हातानं फिरवायचं हँडल मोटरबरोबर आलं होतं. ते भिंतीला बरं दिसत नाही म्हणून बायकोनं माळ्यावर टाकलं होतं. माळ्याची किल्ली गाडीत होती. गाडी आत होती. गाडीची किल्ली ड्रायव्हरजवळ होती, पण ती त्यांच्या गाडीची.

पंचवीस मिनिटं आम्ही खालच्या फटीतून ताक, टरबुजाच्या फोडी आणि हातपंखा आत सरकवत होतो. आतून आवाज आला, "इवाई, आमच्या सौंसरकडचा मारुती झोपून दर्शन देते, तं नवस फळते. तुमची मोटर झोपली, इच्यानं काय फळन?"

मला त्या क्षणी काही सुचलं नाही. नंतर मोटर आपोआप जागी झाली, शटर वर गेलं आणि भरीत करायला भाजलेल्या वांग्यासारखे इवाई बाहेर आले. त्यानंतर सहा महिने सौंसरहून येणारा प्रत्येक फोन "मोटर जागी हाय का?" या प्रश्नानं सुरू व्हायचा.

तक्रार करायला नागपूरला फोन केला. "साहेब, आमची सर्व्हिस महाराष्ट्रात. तुम्ही एमपी. भोपाळला बोला." भोपाळ म्हणालं, "पांढुर्ना? वो तो नागपुर के पास है, वहीं से करवा लीजिए।" १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्या राज्याची राजधानी होती. मग राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. बोली तीच, संत्री तीच, ऊनही तेच, फक्त वॉरंटी सीमेवर उतरून परत जाते. त्या वेळच्या थोर मंडळींच्या डोक्यात पुष्कळ गोष्टी असतील, शटरच्या मोटरचा विचार काही नसावा.

शेवटी गावातलाच मोटर भरणारा बोलावला. विहिरींच्या जळालेल्या मोटरींची कॉइल काढून नवी तार भरण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो माझाच विद्यार्थी. नववीत मी त्याला विज्ञानात नापास केलं होतं आणि ते दोघांनाही आठवत होतं.

त्यानं मोटर बाहेर काढली आणि तिच्यावरची पाटी मला वाचायला दिली. "वाचा गुरुजी, मोठ्यानं." मी वाचलं: सलग चार मिनिटं. एका खेपेला वीस सेकंद धरली तर बारा खेपा, की झाली चार मिनिटं. त्यानंतर आतला थर्मल स्विच मोटर बंद करतो आणि ती थंड झाल्याशिवाय उठू देत नाही. मोटर बिघडली नव्हतीच. ती शहाणी होती म्हणून झोपली होती.

"पण बारा खेपा झाल्याच नव्हत्या," मी म्हटलं. नऊ झाल्या होत्या, नातवाच्या धरून.

"आता खालची ओळ वाचा."

खाली चाळीस अंश लिहिलं होतं. मोटरचा सगळा हिशेब बाहेरची हवा चाळीसच्या आत आहे असं धरून केलेला असतो. जगभर हीच पद्धत आहे. आमच्याकडे मे महिन्यात चाळीस म्हणजे पाऊस कुठेतरी पडला असावा. मी शाळेतून निवृत्तीच्या वेळी मिळालेला थर्मामीटर आणून टिनाखाली टांगला. चोपन्न.

"दहा डिग्री वाढली का कॉइलचं आयुष्य आधं," तो म्हणाला. "तुमची मोटर पाइपात, पाइप टिनाखाली, वरून अठरा गेजचं वझं. हे मोटर नाई गुरुजी, हे अंगावर गोधडी घेऊन पोतं उचलणं हाय."

भाऊ शेजारी उभा होता. त्याची संत्र्याची बाग आहे. "संत्र्याले मे महिन्यात पाणी तोडून ताण देतो, तं मृगाचा बहार येते," तो म्हणाला. "मोटरले ताण देला तं काय येईन?"

"बिल," कारागीर म्हणाला.

नवीन मोटर कोणती, हे विचारायच्या आधी त्यानं मला तेच शटर हातानं उचलायला लावलं. मला ते कमरेपर्यंत येईना. मग म्हणाला, शटरचा भार स्प्रिंगनं घ्यायचा असतो, मोटरनं फक्त हात लावायचा असतो. घरातल्या बाईला एका हातानं उचलता आलं नाही तर त्याला कुठलीही मोटर लावू नये. एवढी एक गोष्ट मला फिनिक्स, नागपूर, भोपाळ यांपैकी कुणी सांगितली नव्हती. त्यानं स्प्रिंगा बदलल्या. बाजूला लटकणारी मोटर आणली, आत तांब्याची तार आहे याची खात्री करून. टिनाखाली ग्रीन नेट बांधली आणि भिंतीत वर दोन झरोके पाडले, गरम हवा निघून जायला. लाइन गेल्यावर चालायला बॅटरी घ्यावी म्हटलं, तर ती घेऊ दिली नाही. या टिनाखाली ती दोन उन्हाळे काढणार नाही म्हणाला. साखळी हाताला येईल अशी लोंबती ठेवली. बायको काही बोलली नाही. टरबुजाच्या फोडी तिनंच सरकवल्या होत्या.

भाच्याचा एक सल्ला मात्र मी ऐकला. शटरखाली कुणी आलं तर ते थांबावं म्हणून दोन्ही चौकटींवर खाली एकेक डोळा बसवायचा. एकातून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो पाहतो. किरण तुटला की शटर खाली येत नाही. अमेरिकेत घरच्या विजेच्या दारांना हा डोळा किंवा तशीच एखादी सोय १९९३ पासून सक्तीची आहे. घरात नातू होता, म्हणून मीही सक्ती मानली.

पंधरा दिवस सुरळीत गेले. मग नवतपा, म्हणजे उन्हाचे कडक नऊ दिवस, लागला आणि शटरनं नवाच हट्ट धरला. दिवसभर गुणी, संध्याकाळी साडेपाच झाले की बंद होईना. थोडं खाली यायचं, दचकायचं, परत वर जायचं. दारात कुणी उभं नाही. मांजर नाही, कोंबडी नाही. साडेसहाला पुन्हा शहाणं. बायको म्हणाली, "राहू द्या की उघडं. दिवेलागणीला लक्ष्मी येते." मी म्हटलं, लक्ष्मी येईल न येईल, कुत्री आत्ताच आली आहेत.

कारागीर आला, उकिडवा बसला, डोळ्याजवळ हात धरून आडोसा केला आणि मला बटण दाबायला सांगितलं. शटर निमूट खाली आलं. हात काढला, वर गेलं. तो हसायला लागला. "गुरुजी, दारात सूर्यनारायण उभे हायत."

पांढुर्णा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साडेएकवीस अंशांच्या जरा वर. मे संपता संपता सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो तो जुलैच्या मध्यापर्यंत तिकडेच असतो, आणि मावळताना तर एप्रिलपासूनच वायव्येला झुकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या दारातही उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन तिरपं शिरतं. माझा पाहणारा डोळा पूर्वेकडच्या चौकटीवर होता, थेट पश्चिमेकडे तोंड करून. त्या उजेडात बिचाऱ्याला किरण दिसत नव्हता आणि किरण दिसला नाही म्हणजे कुणीतरी उभं आहे, एवढंच त्याला शिकवलेलं.

"कर्क रेखा," कारागीर म्हणाला. "तुमीच शिकवलं व्हतं. त्याच सवालाले मले शून्य देलं व्हतं."

मी ती कर्क रेखा चौतीस वर्षं हिंदीतून शिकवली आणि घर बांधताना मराठीतून विसरलो. त्यानं दोन डोळ्यांची अदलाबदल केली, पाहणारा पश्चिमेच्या चौकटीवर. आता त्याचं तोंड पूर्वेला, तिथे शेजाऱ्यांची दुमजली भिंत. सकाळचा सूर्य तिच्यावर चढेपर्यंत वर आलेला असतो. शिवाय वर पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा झापडासारखा लावला. मजुरी विचारली तर म्हणाला, "राहू द्या. मार्क वाढवून द्या."

परवा लाइन गेली होती. भाऊ आला, त्यानं साखळी पाहिली आणि न सांगता दोन्ही हातांनी ओढायला लागला, रहाट ओढावा तशी, एका लयीत, अंग मागे टाकून. शटर सरसर वर गेलं. त्यानं खाली वाकून आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"चांगली हाय," तो म्हणाला. "पाणीच तेवढं नाई लागलं."