आधी सातबारा, मग चिखल

फोर बाय फोरच्या जाहिरातीत गाडी नदी ओलांडते, वाळूचे ढिगारे चढते आणि अख्ख्या प्रवासात तिला एकही तलाठी भेटत नाही. महाराष्ट्रात भेटतो. तो नाही तर वनरक्षक भेटतो. तोही नसला तर काठी घेतलेली एखादी आजी, जिच्या नाचणीतून तुम्ही नुकताच ‘ट्रेल’ शोधून काढलेला असतो.

मोकळी जागा ही सोसायटीत पार्किंगसाठी भांडणाऱ्यांची समजूत आहे. गावात गायरान असतं, देवराई असते, धरणाला संपादित झालेली जमीन असते, वनखात्याची हद्द असते. उरलेला माळ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेला असतो. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ पिढ्यानपिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्या मुलखात आपण ‘इथे कुणाचंच काही नाही’ म्हणत खुशाल गिअर टाकतो.

मग जायचं कुठे? किनाऱ्यावर म्हणाल, तर वेळास, आंजर्ले, मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात आणि गोव्यात पुळणीवर गाडी घालणाऱ्यावर थेट गुन्हा दाखल होतो. शिवाय समुद्र स्वतःच दंड वसूल करतो. 2024 सरता सरता रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली. काही कोटींची गाडी शेवटी बैलगाडीला बांधून ओढावी लागली. बैलांनी इंधनाचे पैसेही मागितले नाहीत.

कोकणातला सडा उघडाबोडका दिसतो खरा, पण राजापूर-रत्नागिरीच्या त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत असलेली. त्यातल्या हत्ती-माशांवरून टायर गेला की नवं कातळशिल्प तयार होतं, त्याची नोंद मात्र पोलीस घेतात. ताम्हिणी? 2013 पासून अभयारण्य. तिथल्या जंगलात परवानगीशिवाय शिरलात तर 1972 चा वन्यजीव कायदा तुमची वाट बघत उभा आहे.

आणि गाडी? ती उंच केलीत, रुंद टायर चढवलेत, पुढे लोखंडी गार्ड ठोकलात, तर जंगल गाठायची गरजच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे तुम्ही पुण्याच्या चांदणी चौकातच बेकायदा होता.

कायदेशीर मार्ग आहेत, पण त्यात थरार कमी आणि कागद जास्त. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड प्रशिक्षणासाठी जागाच आखली. तिथे पैसे भरून, शिक्षकाला शेजारी बसवून चिखलात जायचं. पुळणीचाच हट्ट असेल तर केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला सुमारे चार किलोमीटर किनाऱ्यावर गाडी चालवायला रीतसर मुभा आहे. नाहीतर पीक निघाल्यावर एखाद्या शेतकऱ्याकडे जावं, सातबारा पाहावा, लेखी परवानगी घ्यावी, बांधाला चाक लावू नये आणि निघताना मोबदला द्यावा. एवढं केलं की तुम्ही साहसवीर राहत नाही, भाडेकरू होता. अनेकांचा उत्साह इथेच मावळतो. त्यांना चिखल नको असतो, ‘नाही’ म्हणणारा माणूस भेटू नये एवढंच हवं असतं.

तरीही फुकटात आणि कायद्यात राहून गाडीची ताकद आजमावायची असेल, तर गावनकाशात नोंदलेला पाणंद रस्ता आहेच. जुलैत जा. गुडघाभर राड, दोन्ही बाजूंना बांध, वळायला जागा नाही. फक्त मागून हॉर्न आला तर बाजूला व्हा. दुधाची गाडी असेल. ती रोज याच वाटेने वेळेत डेअरी गाठते, आणि ती साधी टू-व्हील ड्राइव्ह असते.