स्टेपनीचा अज्ञातवास

गाडीचं सनरूफ वर असतं, म्हणून पाहुण्यांना हौसेने दाखवलं जातं. स्टेपनी पोटाखाली असते, त्यामुळे तिची आठवण थेट पंक्चरच्या दिवशी होते. इनोव्हा, अर्टिगासारख्या गाड्यांत तिसऱ्या रांगेसाठी तिला घराबाहेर काढलं गेलं. (त्या रांगेत मोठं माणूस गुडघे छातीशी घेऊनच बसतं, ते असो.) तेव्हापासून ती तारेला किंवा साखळीला लटकून चिखल खात पावसाळे काढते. कोकणच्या खाऱ्या हवेत तार गंजते, ती गुंडाळणारं चक्र जाम होतं, आणि मग भर घाटात इस्त्रीच्या कपड्यातले साहेब रस्त्यावर उताणे पडून ते चक्र फिरवायच्या दांड्याशी झोंबतात.

परत बसवताना तर वऱ्हाड निघाल्याची घाई. दांड्याचे चार फेरे मारले की "बसली!" म्हणून जाहीर. अहो, टायर वर सगळीकडून घट्ट टेकला पाहिजे, हाताने ढकलून हलता कामा नये. लोंबती राहिलेली स्टेपनी खड्ड्याखड्ड्याला झोके घेते आणि झिजलेली तार तिला एक दिवस मागच्या दुचाकीवाल्याच्या स्वाधीन करते. चोर येईल म्हणून साखळी-कुलूप लावणारेही आहेत. कुलूप गंजतं, किल्ली हरवते, चोर कटर घेऊन येतो.

2020 मध्ये केंद्र सरकारने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट दिली. आमच्याकडे खाली हवा गेलेली स्टेपनी टांगून कित्येकांनी ही सूट आधीच घेतली होती.