आपल्याच अंगातले पाहुणे

मे महिन्यात दुपारी दोन वाजता सोनपेठच्या बाजारात उन्हात उभं राहावं, म्हणजे आपल्याच अंगात आपलं किती चालतं ते कळतं. पारा ४२च्या पुढं गेलेला. सदरा नवा, लग्नाला जायचंय, त्यामुळं घाम येऊ द्यायचा नाही असं आपण ठरवलेलं असतं. ठरवणारे आपण कोण? कातडीखाली वीसेक लाखांच्या वर घामग्रंथी आहेत आणि त्यातली एकही आपल्याला विचारत नाही. बरंच आहे म्हणा. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आमच्याकडचं ऊन कोरडं, त्यामुळं घाम दिसायच्या आतच उडतो आणि पाठीवर मिठाची पांढरी नक्षी तेवढी उरते.

देहाच्या ग्रामपंचायतीत आपण सरपंच. झेंडावंदनाला पुढं, फोटोत मधोमध. कारभार बघतो तो ग्रामसेवक, म्हणजे स्वायत्त चेतासंस्था. हे नाव केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १८९८मध्ये दिलं. तिच्या दोन मुख्य शाखा. अनुकंपी ही घाईची: कुत्रं मागं लागलं की ठोके वाढव, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या कर, पचन तूर्त थांबव. परानुकंपी ही निवांतपणाची: जेवण झालंय, ठोके कमी कर, आतडी हलव. गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा... एवढं वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल, तर ते सोडण्याचा ठराव तुम्ही मांडलेला नव्हता.

हृदय दिवसाकाठी लाखभर ठोके देतं. ते काम आपल्याकडं असतं तर? वीज बिल भरायची तारीख ज्यांच्या लक्षात राहत नाही, त्यांचं पहिल्याच डुलकीत आटोपलं असतं.

तरी ताबा मिळवायची हौस जुनी आहे. अमळनेरला एकेकाळी शिकवणारे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. योगाच्या क्रियांत शरीरात नेमकं काय घडतं, हे ते क्ष-किरणं आणि दाबमापक लावून तपासू लागले. श्रद्धा होतीच, पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्तही होती, आणि मला त्यांचं हेच जास्त आवडतं. पुढं हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या काही योग्यांची वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी तपासणी केली. ती १९६१मध्ये छापून आली. श्वास रोखून, छातीचे-पोटाचे स्नायू आवळून योग्यांनी नाडी जवळजवळ लागेनाशी केली होती. ईसीजीच्या पट्टीवर मात्र हृदय आपलं चालूच! सरपंचांनी फाइल दाबून ठेवली, ग्रामसेवकानं काम थांबवलं नाही.

सरपंचाला थोडाफार शिरकाव आहे तो श्वासात. श्वास आपोआप चालतो, पण आपल्याला हवा तसा लांबवताही येतो. सोडताना ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. म्हणून श्वास सावकाश सोडला की निवांत शाखेचा जोर वाढतो. हुकूम नाही चालत, विनंती चालते.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना हे पटत नाही. "माझं मन माझ्या मुठीत आहे," असं ते चहाच्या टपरीवर सांगतात. दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळला, की हेच काका छताकडं बघतात आणि आकडा दीडशेच्या वर. घरी मोजावा तर एकशे तीस. "मशीन खराब हाय हो डॉक्टरसाहेब!" मशीन चांगलं असतं. पांढरा कोट दिसताच घाईच्या शाखेनं काकांना न विचारता कामाला सुरुवात केलेली असते.

तेव्हा बीपी मोजायला जाल तर ऊन उतरल्यावर जा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. पट्टा फुगत असताना उसाच्या भावावर बोलू नका.