डोळे मिटा, डोंगर बघा

सगळ्यांनी आता डोळे मिटावेत. कॅमेरा मात्र चालूच ठेवावा, हजेरी त्यावरून लागते.

वर्क फ्रॉम होमवाल्यांची डोकी फिरू लागल्याचं कंपन्यांच्या एकदाचं ध्यानात आलं आणि मनःस्वास्थ्याचं सत्र सुरू झालं. वेळ दुपारी दीड ते सव्वादोन, उपस्थिती सक्तीची. दीडच का? कॅलेंडरात तेवढीच फट उरली होती. त्या फटीत लोक आजवर जेवत असत.

‘डोळ्यांसमोर एक हिरवा डोंगर आणा,’ सत्र घेणाऱ्या बाई मधाळ आवाजात सांगतात. ‘पलीकडे पाणी. पाण्यात पक्षी.’ ऐकणारा उरणजवळच्या द्रोणागिरीत, सेक्टर 51मध्ये, वन बीएचकेच्या पलंगावर मांडी घालून बसलेला. त्याच्या पाठीमागे खिडकी आहे. खिडकीबाहेर डोंगर आहे. पलीकडे पाणजेची पाणथळ आहे आणि हंगामात तिथे रोहित पक्षी उतरतात. पण खिडकी बंद, कारण बंदराकडे निघालेल्या कंटेनर ट्रेलरच्या हॉर्नने क्लायंट दचकतो. पडदा ओढलेला, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो. आणि पडद्याचा रंग कंपनीला शोभत नाही म्हणून त्यावर व्हर्च्युअल बॅकग्राउंड, त्यातही डोंगरच, स्वित्झर्लंडचा. एक डोंगर पडद्याआड, एक पडद्यावर, एक मिटल्या डोळ्यांत. माणूस एक, डोंगर तीन, आणि चढायला एकही नाही.

बरं, नाव द्रोणागिरी, म्हणजे थेट संजीवनीशी नातं. मारुतीरायाची ती कामगिरी जरा ऑफिसच्या नजरेने बघा. काम रात्रीचं, मुदत सूर्योदयाची, वनस्पतीची धड ओळख नाही. म्हणून बिचाऱ्याने अख्खा डोंगर उचलून आणला. पण उड्डाणाच्या मध्येच ‘दोन मिनिटं कॉल घेऊ या का?’ असं त्याला कुणी विचारलं नाही. समुद्रावर असताना त्याचा हिरवा ठिपका पिवळा झाला म्हणून कुणी चौकशी लावली नाही. आज त्याला आधी डोंगराची लिंक शेअर करायला सांगितली असती, मग ‘ॲक्सेस नाही’ म्हणून सुग्रीवाने परत पाठवली असती, आणि लक्ष्मण शुद्धीवर येताच पहिल्यांदा त्याच्याकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतला असता. मुख्य म्हणजे, मारुतीराया त्या रात्री घराबाहेर पडला होता! आमच्याकडे 12 जानेवारी 2024ला लोकल उरणपर्यंत पोहोचली. किती वर्षं वाट बघितली तिची! ती आली तेव्हा ऑफिस घरात येऊन पलंगावर बसलं होतं, आणि अजून उठायचं नाव घेत नाही.

2019मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद झाली. आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित गोष्ट म्हणून; कामाच्या जागेचा ताण नीट न हाताळल्याने होणारी. कुणी न हाताळल्याने? कंपन्यांनी आपल्या सोयीने वाचलं: कर्मचाऱ्याने. अहो, वीजबिल त्याचं, वायफाय त्याचं, पलंग त्याचा, मोडलेली कंबर त्याची. जागेचं भाडं वाचलं तुमचं, चहाचा खर्च वाचला तुमचा. घर घेतलंत, रात्र घेतलीत, बायकोशी भांडायची वेळसुद्धा घेतलीत, आणि आता डोकंही त्याने स्वतःच्याच जेवणाच्या सुटीत ताळ्यावर आणायचं? फ्रान्समध्ये 2017पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आहे. द्रोणागिरीत तो वीज गेली की मिळतो, तोही घरात इन्व्हर्टर नसेल तर.

असो. दीर्घ श्वास घ्या. ताटातले बोंबील गार झाले आहेत, त्यांच्याकडे लक्ष जाऊ देऊ नका.

सत्र संपल्यावर फॉर्म येतो: ताण किती कमी झाला, एक ते पाच. तीनपेक्षा कमी दिले की पुढचं सत्र आपोआप नोंदवलं जातं. त्यामुळे सगळे पाच देतात. परवा वरून मेल आला. निकाल उत्साहवर्धक आहेत, टीममध्ये ताण उरलेला नाही, तेव्हा यापुढे शनिवारी अर्धा दिवस काम करायला कुणाची हरकत नसावी.